टिटवी आणि समुद्र : एका म्हणीच्या मुळाचा शोध

"टिटवी देखील समुद्र आटविते" ही म्हण मराठी मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. क्षुद्र दिसणारा जीवहि चिकाटी धरील तर मोठ्याला नमवूं शकतो, असा तिचा अर्थ सांगण्यांत येतो. परंतु ही म्हण ज्या कथेवर उभी आहे ती कथा मूळ ग्रंथांतून उघडून पाहिली म्हणजे एक चमत्कारिक गोष्ट नजरेस येते. या कथेच्या ज्या जुन्या पाठांचा विचार पुढें केला आहे, त्यांपैकीं एकांतहि टिटवीनें समुद्र आटविल्याचें सांगितलेलें नाहीं. समुद्र भितो, नमतो, अंडीं परत देतो. पण त्याचें पाणी होतें तेवढेंच राहतें. मग "आटविते" हें क्रियापद म्हणींत आलें कोठून?

प्रस्तुत लेखकाचीं बरींच वर्षें वसई तालुक्यांत संस्कृत शिकविण्यांत गेलीं. पंचतंत्रांतील ही कथा वर्गांत चालली असतां एकादा चौकस विद्यार्थी हटकून विचारी कीं, समुद्र आटला केव्हां? हा प्रश्न पोरकट नव्हे. म्हण ही लोकशिक्षणाची पोथी आहे. एकट्यानें न थकतां खपत राहावें एवढेंच या म्हणीनें शिकवावयाचें, कीं योग्य उपाय शोधून व दहा जणांचें साह्य मिळवून काम तडीस न्यावें हें शिकवावयाचें, याचा निकाल कथेच्या पाठावर अवलंबून आहे. म्हणून या पाठांची छाननी करून, त्यांचा आमच्या सोपारा-वसईच्या किनाऱ्याशीं कांहीं संबंध लागतो काय, हें येथें पाहावयाचें आहे.

१. पक्षी व त्याचें नांव

संस्कृतांतील "टिट्टिभ" आणि मराठींतील "टिटवी" हीं दोन्ही नांवें पक्ष्याच्या ओरडण्यावरून पडलेलीं आहेत. वसई, नायगांव या बाजूच्या मिठागरांच्या बांधांवर व खाजणांच्या कडेला हा पक्षी आढळतो. टिटवी घरटें बांधीत नाहीं. उघड्या जमिनीवर एक उथळ खळगा करून, फार तर भोंवतीं चार खडे मांडून, ती आंत बहुधा चार अंडीं घालते. अंड्यांचा रंग मातीसारखा व वर काळसर ठिपके असतात. त्यामुळें चार पावलांवरूनहि तीं ओळखूं येत नाहींत. कोणी जवळ आलें कीं नर-मादी आकांत मांडून त्याच्या डोक्यावर झेंपा घेतात. जिचीं अंडीं उघड्यावर असतात आणि जी आपल्याहून शतपट मोठ्या प्राण्यावर धांवून जाते, अशा पक्ष्याची निवड कथाकारानें निरीक्षणावांचून केलेली नाहीं. आभाळ कोसळेल या भीतीनें टिटवी पाय वर करून निजते, अशी समजूतहि पंचतंत्रांत नमूद आहे. म्हणजे पक्ष्याचें धाडस व त्याची घमेंड या दोहोंची थट्टा त्या काळापासून चालूं होती.

या नांवाचा प्रवासहि लक्षांत घेण्याजोगा आहे. इराणचा राजा खुस्रू अनुशीरवान याच्या कारकीर्दींत, इ. स. च्या सहाव्या शतकांत, बुर्झोय नांवाच्या वैद्यानें पंचतंत्र पहलवी भाषेंत नेलें. तें भाषांतर आज उपलब्ध नाहीं. पण त्यावरून आठव्या शतकांत इब्न अल्-मुकफ्फा यानें केलेलें "कलील व दिम्न" हें अरबी भाषांतर उपलब्ध आहे. त्या अरबी कथेंत पक्ष्याचें नांव "तीतवा" असें आहे. गरुडाची जागा तेथें "अन्का" या अद्भुत पक्षिराणीनें घेतली, समुद्राच्या जागीं समुद्राचा "वकील" आला. परंतु दोन भाषांतरांतून पार पडूनहि टिटवीचें नांव जवळजवळ जसेंच्या तसें राहिलें. कथेंतील देवता बदलल्या, पण पक्ष्याचा आवाज बदलला नाहीं.

२. जातकांतील कावळे

समुद्र उपसण्याचा उद्योग पालि जातकांत टिटवीकडे नसून कावळ्यांकडे आहे. जातकसंग्रहांत १४६ व्या क्रमांकावर काकजातक आहे. लोकांनीं समुद्रकांठीं नागपूजा करून खीर, मासे, मांस व मद्य असा बळी मागें ठेवला. एका कावळ्याच्या जोडप्यानें तो यथेच्छ खाल्ला, वर मद्यहि प्यालें, आणि त्याच धुंदींत तीं दोघें पाण्याच्या कडेला बसलीं. लाट आली व तिनें मादीला ओढून नेलें. नराचा विलाप ऐकून सारे कावळे जमले आणि समुद्राचें पाणी चोचीनें बाहेर टाकून तिला सोडविण्याचा त्यांनीं निश्चय केला. खाऱ्या पाण्यानें घसे सुजले, डोळे लाल झाले, अंगांत त्राण उरलें नाहीं. समुद्र मात्र भरलेलाच. तेव्हां ते थकून मृत मादीच्या चोचीचे व आवाजाचे गुण गात बसले. शेवटीं समुद्रदेवतेनें उग्र रूप दाखवून त्यांस तेथून हांकलून लावलें, व म्हणूनच ते जिवानिशीं वांचले. ही देवता म्हणजेच त्या जन्मींचा बोधिसत्त्व.

या कथेंत उद्योग आहे, एकी आहे, दुःखहि खरें आहे. नाहीं तो विचार. पाण्यांत गेलेली मादी परत येणार नाहीं, हें कोणीहि मनांत आणीत नाहीं. म्हातारपणीं भिक्षु होऊनहि पूर्वाश्रमींच्या स्त्रीसाठीं शोक करीत बसलेल्या वृद्धांना उद्देशून ही कथा सांगितली आहे. त्यामुळें तिचा निकाल कडक आहे. ज्या कामाचा हेतूच नष्ट झाला त्यांत चिकाटी धरणें हा गुण नसून मोह आहे, आणि अशा वेळीं भय घालून परत फिरविणें हीच खरी करुणा, असें जातककाराचें मत दिसतें.

३. पंचतंत्रांतील टिट्टिभ

आतां पंचतंत्राकडे वळूं. पहिल्या तंत्रांत, मित्रभेदांत, दमनक नांवाचा कोल्हा संजीवक बैलाला टिट्टिभाची गोष्ट सांगतो. शत्रूचें बळ न जाणतां जो वैर आरंभितो त्याची समुद्रासारखी फजिती होते, हें तिचें प्रयोजन. म्हणजे मूळ कथेचा उपदेश टिटवीला नाहींच. तो समुद्राला आहे. लहानाच्या पाठीशीं कोण उभा आहे तें बलवंतानें आधीं पाहावें, असें राजनीतीचें सूत्र तींत गोंवलेलें आहे.

कथा सर्वांच्या परिचयाची आहे. मादी म्हणते, पौर्णिमेचें उधाण येथवर येतें, अंडीं दुसरीकडे घालूं. नर म्हणतो, समुद्राची काय प्राज्ञा! समुद्र हें ऐकतो आणि मौज पाहण्यासाठीं अंडीं उचलून नेतो. येथून पुढें मात्र पाठांत भेद पडतो. आमच्या प्रश्नाचें उत्तर याच भेदांत आहे.

नारायण पंडिताच्या हितोपदेशांत ही कथा थोडक्यांत आहे. अंडीं गेल्यावर टिट्टिभ पक्ष्यांस गोळा करतो, सारे मिळून गरुडाकडे गाऱ्हाणें नेतात, गरुड तें नारायणाच्या कानांवर घालतो, आणि देवाच्या आज्ञेनें समुद्र अंडीं परत देतो. चोचीनें समुद्र आटविण्याची प्रतिज्ञा येथें येत नाहीं. ह्याच धाटणीचा क्रम अरबी कथेंतहि आहे. एजर्टन यानें निरनिराळे पाठ ताडून इ. स. १९२४ मध्यें पंचतंत्राचा जो मूळ पाठ जुळविण्याचा प्रयत्न केला, त्यांतहि नर पक्षी थेट सभा बोलावितो, आणि समुद्राशीं झुंजण्यास आपण असमर्थ आहों असें एक पक्षी स्पष्ट सांगून गरुडाकडे जाण्याची सल्ला देतो.

याच्या उलट, कीलहॉर्न व बूलर यांनीं मुंबई संस्कृत ग्रंथमालेंत १८६८-६९ च्या सुमारास छापलेला पाठ, आणि जैन पंडित पूर्णभद्र यानें इ. स. ११९९ मध्यें सिद्ध केलेला विस्तृत पाठ, या दोहोंत टिट्टिभ आधीं एकटाच समुद्र शोषण्याची भाषा बोलतो. मादी त्याला हिशेब घालून देते: गंगा व सिंधु शेंकडों नद्यांचें पाणी घेऊन रोज ज्यांत ओततात, तो थेंबभर पाणी मावणाऱ्या चोचीनें कसा आटेल? त्यावर नर उत्तर देतो कीं, खिन्न न होणें हेंच वैभवाचें मूळ आहे. चोंच लोखंडासारखी आहे, दिवसरात्री लांब आहेत, मग समुद्र कां सुकूं नये? येथें "अनिर्वेद" हा शब्द प्रथमच कथेच्या मध्यभागीं येतो. लंकेंत सीतेचा शोध न लागून खचूं पाहणारा हनुमान सुंदरकांडांत ज्या शब्दानें स्वतःला सांवरतो, तोच हा शब्द.

परंतु या विस्तृत पाठांतहि कथा अनिर्वेदावर थांबत नाहीं. मादी म्हणते, वैरच करावयाचें असेल तर इतर पक्ष्यांस बोलावून कर. आणि दाखला म्हणून चिमणी व हत्ती यांची गोष्ट सांगते. माजलेल्या हत्तीनें फांदी मोडून चिमणीचीं अंडीं फोडलीं. तिनें सुतारपक्ष्याला, त्यानें माशीला व माशीनें बेडकाला हांक दिली. माशीनें हत्तीच्या कानांत गुंजारव करून त्याचे डोळे मिटावयास लावले, सुतारपक्ष्यानें ते फोडले, आणि बेडूक खड्ड्याच्या कांठीं ओरडूं लागतांच पाण्याच्या आशेनें गेलेला आंधळा हत्ती त्यांत पडला. पालींतील ३५७ व्या लटुकिकजातकांत हीच कथा लावी, कावळा, माशी व बेडूक यांच्यावर रचलेली आहे. या चौघांपैकीं कोणाचेंहि बळ वाढलेलें नाहीं. प्रत्येकानें आपल्याला जें सहज येतें तेंच केलें. केवळ क्रम नेमका लावला. शहाणपण आहे तें क्रमांत.

टिट्टिभानेंहि पुढें तसेंच केलें. पक्षी गरुडाकडे गेले. गरुड रुसून विष्णूच्या सेवेस जाईना. तेव्हां विष्णूला स्वतः यावें लागलें. त्यानें अग्निबाण जोडतांच समुद्र भ्याला. टिटवीपासून विष्णूपर्यंत एकेक पायरी चढत गेलेली ही दाद मागण्याची रीत आहे. व्यवहारांत गांवकऱ्यानें पाटलाकडे, पाटलानें मामलेदाराकडे आणि मामलेदारानें हुजुरांत जावें, तसाच हा प्रकार.

४. थेंबाथेंबाचा उपसा

मग अनिर्वेदाचा धागा कोठून आला? अद्वैत संप्रदायांत त्याचें एक स्वतंत्र घराणें आहे. गौडपादाचार्यांनीं मांडूक्यकारिकांच्या तिसऱ्या प्रकरणांत मनोनिग्रहाला समुद्र उपसण्याची उपमा दिली आहे: कुशाच्या टोंकानें एकेक थेंब काढून समुद्र रिता करावा, तसा न खचतां मनाचा निग्रह करावा. या उपमेंत पक्षी नाहीं, अंडीं नाहींत. आहे तें केवळ उपसणें. पुढें मधुसूदन सरस्वती गीतेच्या सहाव्या अध्यायांतील "अनिर्विण्ण" या शब्दावर गूढार्थदीपिकेंत भाष्य करितांना गौडपादांची ही उपमा घेतात आणि तिला पक्ष्याची आख्यायिका जोडतात.

या आख्यायिकेंत दोन गोष्टी पंचतंत्राहून अगदीं निराळ्या आहेत. पंचतंत्रांत आप्तपक्षी मदतीस येतात. येथें ते पक्ष्याला परावृत्त करूं पाहतात व तो ऐकत नाहीं. पंचतंत्रांत पक्षी स्वतः गरुडाकडे जातात; येथें नारद वाट चालतां चालतां येतो, पक्ष्याची समजूत घालूं पाहतो, आणि या जन्मीं नाहीं तर पुढच्या जन्मीं समुद्र आटवीनच हा त्याचा निश्चय ऐकून स्वतः गरुडाला धाडतो. गरुडाच्या पंखांच्या वाऱ्यानें समुद्र सुकूं लागतो आणि भयानें अंडीं परत करितो. वेदांत्याला समुदाय नको, साधक एकटा हवा. उपाय नको, निश्चय हवा. आणि निश्चयाच्या शेवटीं ईश्वरानुग्रह हवा. त्याच्या प्रयोजनाला हें शोभतें. संसारांतील प्रत्येक कामाला मात्र तें लावतां येईलच असें नाहीं.

यावरून एक अनुमान निघतें. आरंभीं दोन कल्पना वेगळ्या होत्या. एक, अंडीं गमावलेल्या पक्ष्यानें जातभाई जमवून वर दाद मागण्याची. दुसरी, समुद्र थेंबाथेंबानें उपसण्याची. दुसरी जातकांत मूर्खपणाचा नमुना म्हणून येते, तर गौडपादांच्या कारिकेंत निष्ठेचा आदर्श म्हणून. पंचतंत्राच्या विस्तृत पाठांत या दोन्ही एकत्र आल्या. वेदांत्यांच्या आख्यायिकेंत दुसरीनें पहिलीला मागें सारलें. मराठी म्हण या मिश्र पाठाच्या वंशांतील आहे; आणि म्हणीला चार शब्दांत सर्व आटोपावयाचें असल्यानें तिनें पक्ष्याची प्रतिज्ञाच फळ म्हणून सांगून टाकली. पक्षी जें करीन म्हणाला, तें त्यानें केलें असें म्हणींत झालें.

५. शूर्पारकाची भूमि

आतां हें सारें सोपाऱ्याशीं कसें जुळतें तें पाहूं. महाभारताच्या शांतिपर्वांत परशुरामाची कथा आहे. क्षत्रियांचा संहार करून त्यानें पृथ्वी कश्यपाला दिली. कश्यपानें त्याला आपल्या भूमींत न राहण्यास सांगितलें. तेव्हां जामदग्न्याच्या भयानें समुद्रानें मागें सरून त्याच्यासाठीं शूर्पारक देश निर्माण केला, तोच अपरांत. म्हणजे आजचें नालासोपारें ज्या देशाचें नांव धारण करून आहे, तो देश भ्यालेल्या समुद्रानें सोडून दिलेली जमीन होय. पंचतंत्रांतील समुद्र अंडीं परत देतो, महाभारतांतील समुद्र जमीन देतो. दोन्हीकडे कारण एकच, भय. टिटवीची कथा या किनाऱ्यावर रचली गेली असें म्हणावयास कांहीं आधार नाहीं. पण ज्या मुलखाची उत्पत्तिच समुद्र हटल्यानें झाली असें लोक मानीत आले, तेथें "आटविते" हा शब्द कोणाला खटकला नाहीं यांत नवल कसलें?

शूर्पारक हें मोठें बंदर होतें. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या लेखांत भरुकच्छाबरोबर शोर्पारगाचें नांव येतें. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील स्तूप उकरला. आंत दगडी पेटी, एकांत एक ठेवलेले करंडक व बुद्धांच्या आठ मूर्ति निघाल्या. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाहि त्यांनाच येथें मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्यें जवळच्या भुईगांवीं सांपडला. ज्या टेकाडाखालीं तो स्तूप होता त्याला लोक "बुरूड राजाचा कोट" म्हणत. शूर्प म्हणजे सूप, आणि सुपें विणतो तो बुरूड. गांवच्या नांवांतील सूप लोकांच्या लक्षांत राहिलें आणि त्यावरून राजा उभा राहिला, असा तर्क सहज होतो. स्तूप विसरला गेला. म्हणींत जें झालें तेंच येथें झालें: लोकस्मृतीनें एक शब्द धरून ठेवला व त्याच्या भोंवतालची हकीकत सोडून दिली.

बौद्ध वाङ्मयांत शूर्पारकाच्या नांवाशीं निगडित अशी समुद्राचीच एक कथा आहे. तींत प्राणी नायक नाहीं, पण युक्ति व धैर्य यांचा तिच्याइतका सरळ पाठ दुसरीकडे क्वचित्‌ मिळेल. पालि सुप्पारकजातकांत (क्रमांक ४६३) नायक भरुकच्छाचा नाखवा आहे. खाऱ्या पाण्यानें त्याचे डोळे गेलेले आहेत. तो राजाच्या पदरीं पारखी होतो. नुसत्या हातानें चांचपून, हा हत्ती जन्मतांना पडल्यामुळें मागें अधू आहे, ह्या घोड्याला आईचें दूध मिळालेलें नाहीं, हें तो ओळखतो. दर वेळीं राजा त्याच्या हातावर आठच नाणीं ठेवतो. म्हणून तो तें काम सोडतो, आणि सातशें व्यापारी या आंधळ्यालाच आपल्या गलबताचा नाखवा करितात. वादळानें भरकटून गलबत एकामागून एक अद्भुत समुद्रांत शिरतें. प्रत्येकाच्या पाण्याचें वर्णन व्यापारी सांगतात व आंधळा त्याचें नांव सांगतो. तेथें हिरे आहेत हें त्याला कळतें; पण तसें बोललों तर हे लोभानें गलबत भरून बुडवितील, हें जाणून तो मासे पकडण्याच्या मिषानें जाळें टाकवून बेतानेंच माल वर घेतो. शेवटीं वडवामुखाच्या तोंडाशीं सर्वांनीं आशा सोडली असतां सत्यवचनाच्या बळावर तो गलबत परत फिरवितो. आर्यशूराच्या संस्कृत जातकमालेंत हाच नायक सुपारग नांवानें येतो, व त्याच्या गांवालाहि सुपारग हेंच नांव होतें असें तेथें म्हटलें आहे.

सुपारग समुद्राशीं वैर करीत नाहीं, त्याला भीति घालीत नाहीं आणि उपसावयासहि बसत नाहीं. तो समुद्र ओळखतो. काकजातकांतील कावळ्यांजवळ जें नव्हतें, तें याच्याजवळ आहे.

६. समुद्र खरोखर आटला तो कसा

सोपाऱ्याचा समुद्र पुढें खरोखरच आटला. बंदराची खाडी वर्षानुवर्षें गाळानें भरत गेली, गलबतें येईनाशीं झालीं व व्यापार ठाणें, वसई आणि पुढें मुंबई यांकडे गेला. हें काम कोणी ठरवून केलें नव्हतें.

परंतु ठरवून केलेला उपसाहि याच किनाऱ्यावर आहे. भरतीचें पाणी जेथवर चढतें त्या खाजणांना मातीचा बांध घालावयाचा, ओहोटीला आंतलें पाणी बाहेर जाईल व भरतीला बाहेरचें आंत येणार नाहीं अशी उघाडी बसवावयाची, कित्येक पावसाळे जमिनीचा खार धुऊन जाऊं द्यावयाचा, आणि मग तेथें खाऱ्या जातीचें भात पेरावयाचें, ही उत्तर कोंकणची जुनी रीत. अशा रीतीनें समुद्रापासून मिळविलेल्या जमिनीचा जुना ठाणें जिल्ह्यांत "शिलोत्री" या नांवाचा स्वतंत्र धाराच होता. पुढें १९४८ मध्यें मुंबई सरकारनें खारजमिनींसाठीं वेगळा कायदा केला. बांध एकट्याच्यानें होत नाहीं. तो एका हंगामांतहि होत नाहीं. आणि झाल्यावर खेकड्यानें पाडलेलें एक भोंक वेळीं बुजविलें नाहीं तर एका उधाणांत वाहून जातो. येथें टोपलीटोपलीनें माती टाकण्याचा अनिर्वेद आहे, उघाडीची युक्ति आहे, आणि गांवकीची एकीहि आहे. पंचतंत्राच्या विस्तृत पाठांत ज्या तीन गोष्टी एकत्र आल्या, त्याच या बांधांत एकत्र आहेत. "आटविते" हा शब्द जर कोठें खरा असेल तर तो येथें आहे.

आज या खाजणांची व मिठागरांची स्थिति सर्वांस ठाऊक आहे. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ मध्यें पालघर जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींतच या शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. जुने बांध इमारतींच्या भरावाखालीं जात आहेत. ते ज्यांनीं स्वहस्तें राखले अशीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर बांधाचे शब्द व त्या शब्दांशीं जडलेल्या गोष्टीहि जात आहेत.

७. निष्कर्ष व विनंति

सारांश असा. जातक म्हणतें, हेतु गेला असेल तर चिकाटी सोड. पंचतंत्र म्हणतें, चिकाटीनें आरंभ कर, पण फळ उपायानें व समुदायानें मिळेल. वेदांती म्हणतो, एकटाच राहा, पण खचूं नको. सुपारगाची कथा म्हणते, ज्याशीं गांठ आहे त्याला आधीं ओळख. मराठी म्हणींत या चौघांपैकीं वेदांत्याचा आवाज सर्वांत मोठा आहे. इतरांचे आवाज तींत ऐकूं येत नाहींत. म्हण सोडून द्यावी असें माझें म्हणणें नाहीं. ती शिकवितांना टिटवीच्या मादीचा हिशेब व पक्ष्यांची सभा हीं गाळूं नयेत, इतकेंच म्हणणें आहे. ज्या मुलाला नुसती "आटविते" एवढीच गोष्ट सांगितली, तो पुढें आयुष्यांत चोंच झिजवीत बसेल. मदत मागणें हा कमीपणा आहे अशी त्याची समजूत होईल. कथेनें तर मदत मागण्यालाच पराक्रम म्हटलें आहे.

राहिला प्रश्न पोथ्यांचा. मराठींत पंचतंत्राच्या कथा "पंचोपाख्यान" या नांवानें चालत असत. १८२२ मध्यें मुंबईस पंचोपाख्यान छापलें गेलें, व त्यापूर्वीं १८१५ मध्यें श्रीरामपूरच्या छापखान्यांतून मराठी हितोपदेश बाहेर पडला होता. छापण्यापूर्वींच्या हस्तलिखितांत टिटवीचें प्रकरण कोणत्या पाठाला धरून आहे, हें पाहणें आमच्या प्रश्नाच्या दृष्टीनें अत्यंत महत्त्वाचें आहे. ज्यांच्या संग्रहीं पंचोपाख्यानाची अगर हितोपदेशाच्या जुन्या मराठी टीकेची पोथी असेल, त्यांनीं चार गोष्टी पाहाव्या: नर पक्षी चोचीनें समुद्र शोषण्याची प्रतिज्ञा करतो कीं नाहीं, आप्तपक्षी साह्य करतात कीं मना करतात, गरुडाकडे कोण जातें, पक्षी कीं नारद, आणि शेवटीं समुद्राबद्दल कोणतें क्रियापद आहे, आटणें, हटणें कीं भिणें. एवढीं दहा-पांच वाक्यें, पोथीचा शक व लेखकाचें नांव यांसह, उतरून मंडळाकडे पाठविलीं तर म्हणीचें वय ठरविण्यास आधार मिळेल. तसेंच आगर, वसई, विरार, अर्नाळा या बाजूस जुन्या माणसांच्या तोंडीं ही कथा निराळ्या रूपानें असेल, तर तीहि त्यांच्याच बोलींत टिपून घ्यावी. शब्द सुधारूं नयेत.

एका संग्राहकाजवळ एकच पोथी असते आणि एकट्या पोथीवरून पाठ ठरत नाहीं. पुष्कळांनीं थोडें थोडें पाठविलें म्हणजे तो ठरतो.